पहिल्या हाकेला ओ

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले बाई एकदाची डाळजला. बारामतीहून भिगवणपर्यंत एसटी, तिथून बुद्धभूषणच्या मोटारसायकलवर. मांडीवर मिक्सरचा खोका, गळ्यात वायरींची भेंडोळी. हायवेवरच्या चहावाल्यानं विचारलं, लग्न कुणाचं हाय? त्याला वाटलं मंडपवाले आले. तसं त्याचं फार चुकलं नाही म्हणा.

ही डायरी अब्बांनी दिली. खताच्या दुकानातून फुकट आलेली, दहा महिने कोरीच पडून होती. म्हणाले, परक्या गावात पहिलीच नोकरी, काय बिघडलं आणि काय दुरुस्त केलंस ते लिहून ठेवत जा. अब्बा म्हणजे बादशाह साऊंड. मंडपाला स्पीकर लावणं आणि रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करणं, हा आमचा धंदा. बाजार असो, तमाशा असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, पुकारा करायला बादशाहभाईच लागतात. अब्बांच्या त्या आवाजावर आमचं घर चाललं आणि माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमापण झाला. मला विचाराल तर जगात तेवढा गोड आवाज दुसरा नाही.

बुद्धभूषण मूळ इथलाच. पुण्यातली नोकरी सोडून आला आणि हायवेच्या टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्याला गेमिंग हॉल काढला. तो स्वतः, गावातला सोपान आणि कोऱ्हाळे बुद्रुकची सुकन्या अशी तिघांची टीम आहे. ऑनलाइन स्पर्धा खेळतात. मशिनी झकास आहेत, पण खेळताना एकमेकांचं बोलणं नीट ऐकू जात नाही आणि हरतात. ते बोलणं नीट करायला मला बोलावलं.

सुकन्या इथंच हॉलशेजारच्या खोलीत राहते, आता मीही तिच्याबरोबर. बावीसची पोर, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्या तासातच मला साजियाताई करून टाकलं. जेवणाचा डबा सोपानची आई चंद्राबाई पाठवते. आज चिलापी माशाचं कालवण होतं. बोटं चाटली.

मागच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, थेट पलीकडच्या काठापर्यंत. छान वाटतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय एकेक नमुने! सोपाननं हेडफोनची पिन माईकच्या भोकात घातलेली, आणि वर मलाच सांगतो, मॅडम, हेडफोन खराब हाय. बुद्धभूषण हेडफोन न घालता स्पीकर लावून बसायचा, म्हणून सगळ्यांना आपलंच बोलणं परत ऐकू यायचं. सुकन्याचा माईक पंख्याच्या तोंडावर.

तिघांना प्लायवूडच्या तीन वेगळ्या केबिन आहेत, पुढं काच. मी बाहेर टेबलाशी हेडफोन लावून बसते. आज केबिनना आणि हॉलच्या भिंतींना गादीवाल्याकडचा स्पंज चिकटवला. खिडकीला दुहेरी काच होतीच. आता आतलं बाहेर जात नाही की बाहेरचं आत येत नाही.

इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून व्हॉइस चॅटचा सर्व्हर मी इथल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवला. सगळ्यांची नावं पडद्यावर दिसतात. जो बोलतो त्याच्या नावाशेजारी हिरवा दिवा लागतो. लहान पोरालाही कळेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. मी माईकवर सोपानचं नाव घेते, उत्तर नाही. परत घेते, उत्तर नाही. तिसऱ्यांदा घेतलं की ओ येते. बुद्धभूषणचंही तेच. सुकन्या मात्र पहिल्या हाकेला ओ देते. म्हटलं, दोन केबिनना आवाज उशिरा पोचतोय. काल दिवसभर वायरी बदलल्या, ड्रायव्हर परत टाकले, सर्व्हरच्या सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. फरक शून्य.

आज मी माईक घेऊन सोपानच्या काचेपाशीच गेले आणि त्याच्याकडे बघत हाक मारली. पठ्ठ्या ऐकत होता! डोळ्यांनी मान्य करत होता की ऐकू आलं, आणि तोंड मिटून बसलेला. असा संताप आला की सांगू नका. दार उघडून झाडला त्याला. तर म्हणतो कसा, मॅडम, हितं पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. पाण्यावरनं हाक येती ती एकदाच येती. माणूस हाय तो परत मारतो. बुद्धभूषण मान खाली घालून हसला. म्हणाला, पुण्यात राहूनसुद्धा सवय जात नाही, लहानपणापासून तोंडच उघडत नाही.

दोन दिवस! दोन दिवस मी मशिनीला शिव्या घातल्या, आणि बिघाड ह्यांच्या जिभेत होता.

मी सांगून टाकलं, हे माझ्याकडे चालायचं नाही. मंडपात अब्बांचा एकच कायदा. हाक आली की पहिल्या हाकेला ओ, नाहीतर समोरच्यानं समजायचं काय, वायर तुटली की माणूस पडला? तिन्ही केबिनमध्ये कागद चिकटवले, 'पहिल्या हाकेला ओ'. तासभर नावं घेऊन घेऊन सराव करून घेतला. सोपान ओ द्यायचा आणि जीभ चावायचा. शेवटी जमलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अब्बांनाच चॅटमध्ये घेतलं. निमगाव केतकीला पुकारा करत होते, तिथून मोबाइलवर आले. मी अब्बा म्हटलं मात्र, शब्द पुरा व्हायच्या आत अशी खणखणीत ओ आली की बुद्धभूषणनं हेडफोन काढून फेकला. मग अब्बांनी आमच्या टीमचाच पुकारा केला, ऐका हो ऐका, डाळजचे वाघ मैदानात. सुकन्या हसून हसून रडली.

सोपानला म्हटलं, बघ, याला म्हणतात ओ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक किरकोळ बिघाड. सकाळी तिघांची नावं घेतली, तिघांच्या ओ आल्या, आणि त्यानंतर आणखी एक ओ आली. बारीक. म्हटलं एको असेल, कुणाचा तरी आवाज फिरून येतोय. सगळ्यांचे माईक म्यूट केले आणि नुसतीच ऐकत बसले. परत आली. कुणी काही बोललेलं नसताना.

रेकॉर्ड करून दहादा ऐकलं. मला कानांचा गर्व आहे, तो उगीच नाही. बंद खोलीतला आवाज मला कळतो, मोकळ्या रानातला कळतो. हा उघड्यावरचा आहे. मागं वारा आहे, लांबी आहे. एवढा स्पंज लावलेल्या खोलीत उघड्यावरचा आवाज कुठून येणार?

कुणीतरी बाहेरचा शिरला असेल म्हणून पासवर्ड बदलला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी सराव चालू होता. मधेच एका म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात हाक आली, सुकन्या. बांधावरून लांबवर हाक मारतात तशी, शेवटचा आ ओढलेला. एकदाच. पडद्यावर कुणाच्याच नावाशेजारी दिवा नव्हता.

सुकन्यानं ओ दिली. लगेच. शिकवल्याप्रमाणे.

सोपान केबिनमधून बाहेर आला तो पांढराफटक. म्हणाला, आमी न्हाय मारली, तुमी मारली का? मी त्यालाच दरडावलं की चेष्टा पुरे झाली.

दहा मिनिटांनी सुकन्याचा आवाज येईना. हेडफोन बदलला, माईक बदलला, इनपुट तपासलं, सगळं ठीक. तिच्या माईकवर मी बोलले तर माझा आवाज स्वच्छ. वैतागून केबिनचं दार उघडलं आणि म्हटलं, बाई, बोल की काहीतरी. ती बोलतच होती. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आवाज नव्हता.

भिगवणच्या डॉक्टरांनी घसा बघितला. घसा साफ आहे म्हणतात. गरम पाणी प्या, बोलू नका.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार



आज स्पर्धेचा सामना होता. सुकन्या मुक्यानंच खेळायला बसली. तिचा माईक मी काढून माझ्या टेबलावर ठेवला होता, म्हटलं तिला बोलायचा मोह नको. सामना सुरू झाला आणि हेडफोनमध्ये सुकन्याचा आवाज आला. डावीकडं दोघं आहेत. सोपान मागं बघ. तिचाच आवाज, तिचंच ते भराभर बोलणं. तिच्या नावाशेजारी हिरवा दिवा.

सोपान आणि बुद्धभूषणला वाटलं ती बरी झाली. ओरडत खेळले. जिंकले.

मी काचेतून बघत होते. हेडफोनमध्ये आवाज यायचा तेव्हा सुकन्याचे ओठ त्याबरोबर हलायचे. तिला ते हलवायचे नव्हते. ती एका हातानं तोंड दाबत होती आणि ते हाताखाली हलत होते. माझ्याकडे बघत होती.

आणि त्या आवाजामागं वारा होता.

मी मेले भीतीनं. अब्बांना फोन करावा वाटला. काय सांगू?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मी सर्व्हर बंद करायला गेले तर सुकन्यानं हात धरला. मोबाइलवर लिहून दाखवलं, ताई, बंद करू नका, माझा आवाज आत आहे. कशी बंद करणार मी? म्हटलं, आधी तो बाहेर काढायचा कसा ते बघू. तिघांना हेडफोन लावू नका म्हणून सांगितलं आणि एकटीच रेकॉर्डिंग तपासत बसले.

सोपाननं ऐकलं नाही. सुकन्याच्या त्या आवाजाशी बोलून बघतो म्हणून केबिनमध्ये गेला. मला दिसला तोवर हेडफोन त्याच्या कानावर होता.

सुकन्याच्या आवाजात हाक आली. सोपान. एकदाच.

मी ओरडले, ओ देऊ नको. काचेवर हात आपटले. पण केबिन मीच बंद केली होती ना स्पंजनं. त्याला माझं काही ऐकू गेलं नाही. त्याच्या नजरेसमोर माझाच कागद चिकटवलेला. आणि डाळजचा तो पोरगा, ज्यानं जन्मात पहिल्या हाकेला तोंड उघडलं नव्हतं, तो ओ म्हणाला. मीच शिकवलं. मीच.

सगळ्या वायरी उपटल्या. सर्व्हरचा डबा उचलून जिन्यात ठेवला. तिन्ही कागद फाडले. सोपान केबिनमध्ये तोंड उघडून बसला होता, आतून नुसता श्वास येत होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चंद्राबाई आली. डबा घेऊन नाही. माझा दंड धरून एकच विचारलं, माझ्या पोराला कुणी सांगितलं गं पहिल्या हाकेला ओ द्याया? मी सांगितलं, मी. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसली.

मग तिनं सांगितलं. काल भरदुपारी ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. सोपान आत झोपलेला, आणि पाण्याकडून त्याच्या आवाजात हाक आली, आई. एकदाच. ती म्हणाली, बाई, पदर तोंडात कोंबला मी, पर ओ दिली न्हाय. दुसरी हाक आली न्हाय. ज्याचा आवाज गेला त्याच्याच माणसाला ते बोलावतं.

म्हणजे मशिनी बंद करून काही उपयोग नाही. दार मी उघडलं, आता ते बाहेरच हिंडतंय.

बुद्धभूषण दोघांना घेऊन पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेला. मी एकटी आहे. अब्बांना फोन केला, एवढंच म्हटलं की काम सोडलं, मला न्यायला या. बुधवारी निमगावचा पुकारा आटपला की रिक्षा घेऊन येतो म्हणाले. आजच या म्हणायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बुद्धभूषणचा मेसेज आला होता, डॉक्टर म्हणतात धक्का बसलाय, आवाज परत येऊ शकतो, जमलं तर आजच निघू. मी दिवसभर त्या एका वाक्यावर होते. स्पंज खरवडून काढायला लागले, थोडा निघाला.

चारच्या सुमाराला, खिडकी उघडी होती, खालून हाक आली. साजियाताई! सुकन्या. खणखणीत, हसरी, पहिल्या दिवशीसारखी. इतका आनंद झाला, इतका, की मी हातातलं टाकून ओरडले, ओ! आले गं, आले!

खिडकीत गेले. खाली कुणी नव्हतं. पाणी होतं.

मोबाइल वाजला. बुद्धभूषणचा मेसेज. आज निघत नाही, अजून तपासण्या बाकी.

मी नाही म्हणाले. म्हणजे, म्हणायला गेले—

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळ. आवाज नाही. खोकला नाही, हुंदका नाही. स्टीलचा तांब्या पायावर पडला, तोंड उघडलं, काही नाही.

आता ते माझ्या माणसाला बोलावणार. माझं माणूस एकच.

अब्बांना मेसेज केला, माझी हाक आली तर ओ देऊ नका. वाचला नाही. चष्म्याशिवाय ते वाचत नाहीत, मी नेहमी बोलूनच पाठवते. पाठवायचे. टायरवाल्याकडून फोन करवावा म्हटलं तर दुकान आज बंद. फोन लावला. उचलला त्यांनी. मी मोबाइलवर नखानं ठोकत राहिले. ते म्हणाले, हॅलो, साजू? आवाज येत न्हाय बेटा. माईक म्यूट असंल बघ. हसले आणि म्हणाले, निघालोच.

माझे अब्बा. सगळ्या मंडपात पहिल्या हाकेला ओ देणारे अब्बा. तो आवाज गेला तर त्यांच्यापाशी उरेल काय?

दुपार. हायवेवर उभी राहिले. प्रत्येक रिक्षाला हात केला. लोकांना वाटलं वेडी आहे. गावातूनही रस्ता येतो, मागून, पाण्याकडून. तो तिथून दिसत नाही. वर आले. मागच्या खिडकीतून तो दिसतो. वारा सुटलाय. काच घट्ट बसलीय, उघडत नाही. काल उघडली होती—

एक कागद लिहून ठेवायचा. मोठ्या अक्षरात. ओ देऊ नका. आले की काचेला लावायचा. मोठं अक्षर ते चष्म्याशिवाय वाचतात. पेन बारीक आहे. स्केच पेन खोलीत, सुकन्याच्या सामानात—

सापडलं.

रिक्षा. मागच्या रस्त्यानं. भोंगा दिसतोय. पाण्याच्या कडेलाच लावली. उतरले. तोंडावर पाणी मारतायत. मी काचेवर मुठी आपटतेय, त्यांना ऐकू जात नाही. दुहेरी काच. स्पंज. माझंच काम—

जिन्यानं गेले तर हायवेकडून वळसा. तोवर—

त्यांनी मान वर केली. पाण्याकडे. हसले.

मला काही ऐकू आलं नाही. पण माझे ओठ हलले. मी हलवले नाहीत. 'अब्बा' असं म्हणाले ते ओठ. एकदाच—

इकडं बघा. इकडं. लिहिते, थांबा, मोठं लिहिते, थांबा—

अब्बा, ओ दे